हेल्मुट वाल्खा फ्यूग बसवायचा कसा?

प्रश्न:
जर्मन ऑर्गनवादक वाल्खाची बाखची ध्वनिमुद्रणं ऐकतोय. तरुणपणीच दृष्टी गेलेला हा माणूस चार ओळींचा फ्यूग (एकच विषय प्रत्येक ओळीत पाळीपाळीने येणारी रचना) पाठ कसा करायचा, ब्रेलवरून? चर्च सांभाळून शिकवणं कसं जमायचं? सध्या बाखचा ऑर्गनसाठीचा फ्यूग, बीडब्ल्यूव्ही ५७८ (त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), बसवतोय आणि मधल्या ओळी एकमेकींत बुडतात, म्हणून जास्त उत्सुकता.

प्रतिसाद १:
ब्रेलवरून नाही; ब्रेल वाचायला एक हात अडकतो. वाल्खाला कुणीतरी एकेक ओळ सुटी वाजवून दाखवायचं. आधी आई, पुढे पत्नी उर्सुला. तो ती पाठ करायचा आणि मग सगळ्या ओळी मनात जुळवायचा.

५७८ मध्ये विषय (मुख्य धून) सोप्रानो, आल्टो, टेनर या वरून खाली जाणाऱ्या ओळींत आणि शेवटी पेडलवर (पायांनी वाजवायच्या कळांवर) असा उतरत येतो. तुम्हीही तसंच करा: आधी चार सुट्या ओळी, मग सहा जोड्या, चार तिकड्या आणि शेवटी पूर्ण रचना. आल्टो-टेनर ही जोडी सगळे टाळतात, आणि घात तिथेच होतो. सुटी ओळसुद्धा पूर्ण रचनेत जी बोटं वापरणार त्याच बोटांनी वाजवा. सोयीच्या हाताने पाठ केलीत, तर ओळ एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथला सांधा ऐकू येईल.

प्रतिसाद २:
थोडं स्टॉप्सबद्दल, म्हणजे ऑर्गनच्या कोणत्या नळ्या वाजाव्यात ते ठरवणाऱ्या खटक्यांबद्दल. ऑर्गनवर कळ जोरात दाबून ओळ वर काढता येत नाही, आणि बोट उचललं की सूर तिथेच संपतो. म्हणजे स्पष्टपणा येतो तो दोन सुरांमधल्या फटीतून. एकच सूर लागोपाठ आला तर पहिला थोडा आखूड करा. सरावाला हातांसाठी ८ आणि ४ फुटी स्टॉप (आकडा मोठा तितका सूर खालचा), पेडलला १६ आणि ८ पुरे. हातांच्या कळपट्टीवर १६ फुटी लावलात की टेनर चिखलात गेलाच.

प्रतिसाद ३:
नोकरीचं म्हणाल, तर जर्मनीत चर्च आणि अध्यापन ही जोडी जुनीच. वाल्खा लाइपझिगला ग्युंटर रामिनचा शिष्य. १९२६ पासून थोमास चर्चमध्ये त्याचा सहायक. १९२९ मध्ये फ्रँकफर्टचं फ्रीडेन्स चर्च, १९३३ पासून होख कॉन्झर्वेटरीत अध्यापन, १९३८ मध्ये प्राध्यापकपद, १९४६ ते १९८१ ड्रायक्योनिग चर्च. गंमत म्हणजे रामिनचा गुरू कार्ल श्ट्राउबे हा संगीतकार माक्स रेगरचा कट्टर पुरस्कर्ता, आणि वाल्खाने रेगरलाच शिकवण्यातून वगळलं! मला ते टोकाचं वाटतं. पण ओळ-ओळ ऐकणाऱ्या कानाला रेगरची दाट वीण खटकणारच.

ऐकायला वाल्खाने वाजवलेल्या बाखच्या ऑर्गन रचनांचा १९५६–७१ चा स्टिरिओ संच घ्या, त्यातलं नेदरलँड्समधल्या आल्कमारच्या ऑर्गनवरचं वादन आधी.

प्रश्नकर्ता:
आल्टो-टेनर वाजवताना पेडलची ओळ तोंडाने म्हटली तर चालेल?

प्रतिसाद १:
चालेल, सप्तक सोयीचं घ्या. गाताना अडखळलात तर ती ओळ पाठ झालेली नाही; पुन्हा सुटी वाजवा.