'पल्प'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखासाठी अडलोय. अमेरिकेतल्या जुन्या 'पल्प' मासिकांवर, म्हणजे स्वस्त कागदावरच्या कथा-मासिकांवर, लिहायचंय: १८९६ पासूनचं 'आर्गसी', १९२३ चं 'वीअर्ड टेल्स', १९२६ चं 'अमेझिंग स्टोरीज'. हिंदीत 'लुगदी साहित्य' रुळलंय. त्या चालीवर 'लगदा साहित्य' लिहिलं, तर बायको म्हणाली, "भात बिघडलाय का?"

प्रतिसाद १

वहिनींशी सहमत. पण मूळ अर्थ सोडू नका. 'पल्प' हे आधी कागदाचं नाव. लाकडाच्या लगद्याचा खरखरीत, स्वस्तातला कागद. त्यातल्या लिग्निनमुळे पानं पिवळी पडतात, कडा झडतात. गुळगुळीत कागदावरच्या मासिकांना 'स्लिक्स' म्हणत. भेद कागदाचा होता, तो लिखाणाला नंतर चिकटला.

म्हणून मला 'सवंग' सुचतो. आज ती शिवी आहे, पण जुन्या मराठीत सवंग म्हणजे निव्वळ स्वस्त. महागाईच्या उलट सवंगाई! दाणे सवंग व्हायचे, गूळ सवंग व्हायचा. भावाचा शब्द घसरत अभिरुचीवर आला. 'पल्प'चा प्रवास अगदी हाच.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती झकास, पण आज 'सवंग मासिकं' वाचून सवंगाई कुणाला आठवणार? भयकथाकार लव्हक्राफ्टची 'द कॉल ऑफ कथुलू' फेब्रुवारी १९२८ च्या 'वीअर्ड टेल्स'मध्ये आली. कागद सवंग होता, कथा नव्हे.

आणि कृपया कुणी 'पिवळं साहित्य' सुचवू नका. इटलीत मोंदादोरी या प्रकाशनाच्या १९२९ पासूनच्या पिवळ्या वेष्टनांमुळे रहस्यकथेलाच 'जालो', म्हणजे पिवळा, म्हणतात. आपल्याकडे पिवळं पुस्तक गादीखाली असतं.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर. 'वीअर्ड' आणि 'अमेझिंग' या दोन्हींना सरसकट 'अद्भुत' लावू नका. 'अमेझिंग'ला 'नवल' चपखल. अनंत अंतरकरांच्या मासिकाचं नावच ते होतं. 'वीअर्ड'चं मूळ जुन्या इंग्रजीत प्राक्तन या अर्थाचं आहे, त्यामुळे तिथे 'अघटित' बरा. 'विलक्षण' फारच सोवळा वाटतो.

'अमेझिंग'वाल्या ह्यूगो गर्न्सबॅकने 'सायंटिफिक्शन' असा जोडशब्द काढला होता. टिकला नाही. जिभेवर बसत नाही, दुसरं काय! मराठीत 'विज्ञानकथा' आहेच.

प्रतिसाद २

कॉमिक्सचाही उल्लेख येणार असेल तर एक तारीख घ्या: ७ जानेवारी १९२९. बक रॉजर्स आणि टारझन, दोघांच्याही वर्तमानपत्री चित्रमालिका त्याच दिवशी सुरू झाल्या, आणि दोघेही पल्पमधूनच आलेले. मात्र 'चित्रमालिका'च म्हणा. 'चित्रपट्टी' वाचून जखमेवरची पट्टी आठवते.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. मासिकांना 'पल्प मासिकं'च म्हणतो. कागदाच्या परिच्छेदात 'सवंग' जुन्या अर्थानं वापरतो आणि तिथेच एका ओळीत सवंगाईचं सांगून टाकतो. 'अघटित'ही उचलला. लगदा बायकोच्या हवाली.