नोंदलेला आकडा आणि अंदाजित आकडा

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत ‘जेमतेम तीनशे’ मुले दगावली, असे या चर्चेतील एका प्रतिसादात म्हटले आहे. मात्र हा आकडा केवळ प्रयोगशाळेत संसर्ग सिद्ध झालेल्या मृत्यूंचा आहे. फ्लूने होणारे बालमृत्यू नोंदवण्याची राष्ट्रीय व्यवस्था तेथे २००४ मध्ये, आदल्या मोसमात दीडशेहून अधिक मुले गेल्यानंतर, सुरू झाली. तिच्यात चाचणीच न झालेले मूल, किंवा विषाणू ओसरल्यावर जिवाणूजन्य न्यूमोनियाने गेलेले मूल, सहज निसटते. म्हणूनच सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) नंतर एप्रिल २०१० पर्यंतच्या वर्षासाठी सुमारे १,२८० बालमृत्यूंचा अंदाज मांडला, म्हणजे नोंदीच्या जवळपास चौपट.

तरीही मला ही अपुरी नोंदच अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्यात प्रत्येक मुलाचा वैद्यकीय इतिहास असतो. ऑगस्ट २००९ पर्यंतच्या ३६ मृत्यूंपैकी २४ मुलांना आधीपासून जोखमीचे आजार होते आणि त्यांतील २२ जणांना सेरेब्रल पाल्सीसारखे मज्जासंस्थेचे किंवा विकासविषयक विकार होते. भारतातील पहिला बळी पुण्यातील शाळकरी मुलगी होती, हे अनेकांना आठवत असेल. पण एकेका मृत्यूची बातमी होणे आणि त्याची पद्धतशीर नोंद होणे यांत फार अंतर आहे.