मदत हवी आहे : पद्मिनी वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते

फियाटवेडा सातारकर

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाटच, आहे. सहा वर्षं घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "विकायची ती माझ्यामागे विक, तोवर चालू तर कर." फियाटवर हात बसलेले दोनच मिस्त्री मला इथे माहीत होते. एकाचं गॅरेज आता मुलगा बघतो आणि लॅपटॉप जोडायला जागा नसलेल्या गाडीचं तो बॉनेटही उघडत नाही. दुसऱ्यांना मोतीबिंदू. शेवटी मीच पान्हे विकत आणले. मी पेशाने हिशेबनीस आहे. याआधी सायकलच्या पंक्चरपलीकडे माझी मजल गेलेली नाही, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

आतापर्यंत काय केलं ते सगळं लिहितो, कारण चूक कुठे झाली असेल ते मला कळत नाही.

पहिल्यांदा बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. तसंच सेल्फ मारलं असतं तर ती माती आत गेली असती. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. टाकी उतरवून दोनदा धुतली. कार्बोरेटर खोलला, तो बायकोच्या तसराळ्यात पेट्रोल घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुतला (तसराळं आता गाडीचंच झालं आहे, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही). जेटमधून बारीक तार घातली. प्लग चारही नवे. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं सगळं पुण्याच्या नाना पेठेतून आणून एकाच रविवारी बदललं. पॉइंटची फट फिलर गेजने साडेचार दशांश मिलिमीटरच्या आसपास ठेवली.

प्लगच्या वायरी मात्र उलटसुलट लावल्या. एक-दोन-तीन-चार असा सरळ क्रम असेल असं धरून चाललो होतो. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून अशी तोफ उडाली की शेजारचा कुत्रा दोन दिवस आमच्या फाटकाकडे फिरकला नाही. खुर्ची टाकून बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "एक, तीन, चार, दोन." हे आधी का नाही सांगितलंत म्हटलं तर म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"

ब्रेकचे चारही ड्रम उघडले, व्हील सिलिंडरची रबरं बदलली. बायको आत बसून पेडल दाबतेय, मी खाली पडून "दाब... धर... सोड" ओरडतोय, असं करत हवा काढली. ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलं, तिथला रंग सोलून निघाला. तेही शिकलो. बाकी किरकोळ म्हणजे आरसे, वायपरची रबरं, मॅट, टाकीला किल्लीचं झाकण, मागच्या काचेचं बीडिंग. फेब्रुवारीत गाडी एका झटक्यात सुरू झाली. बाबांनी स्वतः चालवत कॉलनीला एक फेरी मारली. स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना त्यांचा हात जरासुद्धा चाचपडला नाही.

आता मूळ दुखणं. गावात गाडी उत्तम चालते. हायवेला लागलो की वीस-पंचवीस मिनिटांनी आधी हिसके देते, मग ताकद जाते, मग बंद. वाईला जायला निघालो की पाचवडच्या अलीकडे हमखास. अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू, आणि पुन्हा तेच. रेडिएटरचं पाणी उकळत नाही, फॅन बेल्ट घट्ट आहे.

सगळे म्हणतात व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन ते अडतं, तेव्हा गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेव. ठेवतो. अर्ध्या तासाने चालू होते, म्हणजे गुण येतो. पण दोन गोष्टी पटत नाहीत. एक, मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला, गारव्यातसुद्धा बंद पडली. दोन, एकदा टाकी काठोकाठ भरून निघालो तर लिंब फाट्याच्या पुढे, म्हणजे जेमतेम दहा-बारा मिनिटांत थांबली. पेट्रोल जास्त असताना लवकर का बंद पडावी?

नवीन पंप घेऊ का? की इलेक्ट्रिक पंप बसवू? खर्चाची अडचण नाही, पण आणखी एक पार्ट बदलून पुन्हा तिथेच यायचं नाहीये.

---

एक स्कूटरवाला

भंगारात द्या आणि त्या पैशात बाबांना काशीयात्रा घडवा.

---

फियाटवेडा सातारकर

बाबांना विचारलं. काशीला पद्मिनीतूनच जायचं म्हणाले.

---

कोकणातली काकू

अहो, ओट्यावर पेट्रोल? शेगडीच्या शेजारी? तुमच्या बायकोची बाजू घ्यायला मी खास लॉगइन केलं. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, दुसऱ्या खोलीतल्या ठिणगीनेही पेटते. कार्बोरेटर उघड्यावर, दिवसा, अंगणात धुवायचा. शेजारी आग विझवायचं नळकांडं हवं, पाण्याची बादली नको. पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग पसरवतं.

माझ्याकडे सासऱ्यांची जुनी मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवालीच. दोन गोष्टी सुचवते. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवलेली नसतात, ती फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात. माझा एक पाइप बाहेरून धडधाकट होता, कापला तर आतली साल लोंबत होती. पेट्रोल ओढलं की साल आडवी येते, गाडी थांबली की सरकते. तुमच्यासारखंच दुखणं होतं. टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी तुकडे बघा, आणि बदललेत तर इथेनॉल चालणारा होज मागून घ्या.

दुसरं, तुमच्या लिहिण्यातच आहे. गुण ओल्या फडक्याचा की अर्ध्या तासाचा? पुढच्या वेळी फडकं न ठेवता नुसते थांबून बघा.

---

जुना पान्हा

कौतुक नंतर, आधी ओरडा. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल एका दिवसात बदललेत. त्यातला कुठला खराब होता हे तुम्हाला आता कधीच कळणार नाही. नवा कंडेन्सर डबीतूनच खराब निघाल्याचं मी कितीदा पाहिलंय. काढलेले पार्ट टाकले नसाल तर डिकीत ठेवा.

आता बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. त्याच क्षणी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा, कारण अर्ध्या तासाने पुरावा नाहीसा होतो.

पेट्रोल आहे का? एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. तोंड जवळ नेऊ नका, आणि शेजारी विडी ओढणारा हितचिंतक उभा असेल तर त्याला हाकला.

करंट आहे का? हे फिल्टर परत बसवून, कार्बोरेटरपासून लांब करायचं. एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा, त्याचा धातू इंजिनला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर मान टाकतोय. वायर हाताने धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा.

माझा अंदाज विचाराल तर करंटचं दुखणं असं येत नाही. करंट जातो तेव्हा बहुधा दिवा विझल्यासारखा जातो. हिसके, मग ताकद कमी, मग बंद, हे तहानलेल्या इंजिनाचं लक्षण. आणि तुम्हाला न पटलेली दुसरी गोष्ट, भरली टाकी लवकर बंद पडते, ती माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ आहे.

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी होते आणि पंपाला ती पोकळीशी झोंबत पेट्रोल ओढावं लागतं. अर्ध्या टाकीत वर पंधरा-वीस लिटर हवा असते, दीड-दोन लिटर पेट्रोल गेलं तरी ती ताणून पुरते. काठोकाठ भरलीत तर वर हवा उरते दोन-तीन लिटर. अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाताच ओढ वाढते. थांबलात की कुठून तरी हवा हळूहळू शिरते आणि गाडी शहाणी होते. शिवाय ओढ जास्त असली की पाइपातलं पेट्रोल कमी उष्णतेतही उकळतं, डोंगरावर पाणी लवकर उकळतं तसं. म्हणून ओलं फडकं थोडा उपयोग करतंही, आणि माणूस आयुष्यभर फडक्यालाच श्रेय देत बसतो.

तुम्ही "किरकोळ"मध्ये टाकीला किल्लीचं झाकण लिहिलंय. जुनं झाकण कुठे आहे?

---

फियाटवेडा सातारकर

जुना पान्हा काका, अंगावर काटा आला.

जुन्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं, डिकीत वास यायचा, म्हणून किल्लीचं घेतलं. जुनं खिळ्यांच्या डब्यात सापडलं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. जुन्याच्या आतल्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक आहे. नव्याला काहीच नाही, वर जाडजूड रबर, बरणीच्या झाकणासारखं घट्ट.

आणि एक आठवलं. मार्चमध्ये पेट्रोल भरताना पंपावरच्या पोराने झाकण फिरवलं तर 'फुस्स' झालं. तो म्हणाला, "काका, गॅसवर आहे का गाडी?" मी हसलो होतो.

रविवारी बघतो. आता नव्या झाकणाला ड्रिलने भोक पाडू का?

---

जुना पान्हा

टाकीवर असताना ड्रिल घेऊन जवळही जाऊ नका. काढून लांब नेऊनही नको. सरळ भोकातून वळणावर पेट्रोल बाहेर उडतं, झाकणातली हवेची वाट आडवळणाची केलेली असते ती त्यासाठीच. जुनं झाकण लावा, पॅकिंग तेवढं नवं करा. आधी चाचणी घ्या. टाकी अर्धीच ठेवा, झाकण अर्धा आटा सैल, भोवती फडकं, आणि नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच वेगाने. बाकी कशालाही हात लावायचा नाही. पाइपसुद्धा आत्ता बदलायचे नाहीत, काकूंचा मुद्दा बरोबर असला तरी.

आणि ब्रेक करताना गाडी कशावर उभी केली होतीत ते लिहिलं नाहीत.

---

फियाटवेडा सातारकर

जॅक आणि दोन विटा.

---

जुना पान्हा

वीट दाबाखाली फुटताना आधी चर्रदेखील करत नाही. लोखंडी घोड्या आणा. तोवर गाडीखाली जायचं नाही.

---

फियाटवेडा सातारकर

घोड्या आणल्या. आता चाचणीचा हिशेब.

शनिवारी दुपारी दीडला, मुद्दाम उन्हात निघालो. झाकण सैल, फडक्याची पंपावर नेमणूक नाही. पाचवड आलं, गेलं. मी कानात प्राण आणून बसलो होतो, बाबा शेजारी पेंगत होते. वाईत गणपतीला बाहेरून नमस्कार केला, इंजिन बंद केलं नाही, परतलो. एकदाही हिसका नाही.

रविवारी उलट चाचणी, ही माझ्या डोक्यातून निघाली. नवं झाकण किल्लीने घट्ट लावलं. एकवीस मिनिटांत हिसके. बाजूला घेतली, पण इंजिन विझायच्या आत मागे पळत जाऊन झाकण उघडलं. फुस्स. दहा-पंधरा सेकंदांत इंजिन सावरलं. थांबावं लागलं नाही, फडकं लागलं नाही.

मग जुनं झाकण लावून पसरणी घाट चढलो. पाचगणीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे एसटी हॉर्न मारतेय, पण थांबली नाही. वर बाबांनी भुट्टा खाल्ला आणि म्हणाले, "हे झाकणाचं मला वाटलंच होतं." मी काही बोललो नाही.

काकू, परत आल्यावर टाकीजवळचा रबरी तुकडा कापून पाहिला. आतली साल अजून सुटलेली नाही, पण नखाने खरवडली की बोटाला काळं लागतं. नवा होज मागवला आहे. ओट्यावर पुन्हा पेट्रोल आणणार नाही असं बायकोला लिहून दिलं आहे.

शीर्षकात 'सुटलं' असं घालायला संपादकांना सांगितलंय. एकच राहिलं. जुन्या झाकणाचं पॅकिंग नाना पेठेत दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही किल्लीचं नवं झाकणच पुढे केलं. सध्या सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली आहे, ती चार दिवसांत पेट्रोलने फुगून पुरीसारखी झाली. पेट्रोलला टिकणारा रबरी शीट पुण्यात किंवा कोल्हापुरात सुटा कुठे मिळतो?

---

कोकणातली काकू

गॅस्केट कापून देणाऱ्याकडे जा आणि नायट्राइल रबर मागा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं. माप कागदावर नका नेऊ, झाकणच घेऊन जा. आणि भोकावर रबर येणार नाही असं कापायला सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात नवा धागा काढाल.