म्यूटिलेशनचा १९९५ चा अल्बम: खरखर मुळातली की माझ्या कॉपीतली?

खाडीकाठ, देवगड

म्यूटिलेशन या फ्रेंच ब्लॅक मेटल (मुद्दाम खरखरीत ठेवलेलं, वेगवान, अंधारं रॉक) बँडचा 'व्हॅम्पायर्स ऑफ ब्लॅक इम्पिरियल ब्लड' (१९९५, द्राकार प्रॉडक्शन्स) ऐकतोय. हाताशी दोन प्रती आहेत: एक १२८ केबीपीएसची एमपी३ आणि एक सीडीवरून उतरवलेली कॅसेट. एमपी३त झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. कॅसेटवर वरचा सगळा आवाज बोथट आहे. लॅपटॉपवर ऐकताना या सगळ्याखाली एक सलग घूं चालू असते. गिटार कुठे संपते आणि झांज कुठे सुरू होते, तेच कळत नाही.

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) हाही कच्चाच, म्हणजे साफसूफ न केलेल्या रेकॉर्डिंगचा आहे, पण तिथे कान असा हरवत नाही. मग इथे नेमकं बिघडतं काय? आणि हे सगळं बाजूला केल्यावर अल्बम म्हणून तो कितपत चांगला आहे? ज्यांनी नीट ऐकलाय त्यांनी सांगावं.

टेपडेक, मालवण

तिन्ही दोष वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. आधी ते सुटे करा, मत नंतर बनवा.

पाण्यातली झांज अल्बमची नाही, एमपी३ची आहे. कानाला जे चुकल्यासारखं वाटणार नाही ते टाकून एमपी३ जागा वाचवते. एकट्या बासरीला १२८ पुरतात, कारण तिचा पुढचा क्षण बराचसा मागच्यासारखाच असतो. इथे टेपची फुसफुस, सतत उघडी झांज आणि चढ्या पट्टीतली डिस्टॉर्शनची गिटार एकाच वेळी चालू आहेत. यातलं काहीच आधी ओळखता येण्यासारखं नसतं, त्यामुळे जागा पुरत नाही आणि पहिला बळी झांजेचा जातो. गुळगुळीत रेकॉर्डिंगपेक्षा कच्च्या रेकॉर्डिंगला जास्त बिटरेट (दर सेकंदाला मिळणारी जागा, तुमचे ते १२८) लागतो. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो.

तपासायला स्पेक हा आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्यांचं चित्र दाखवणारा फुकटचा प्रोग्राम घ्या आणि फाइल त्यात टाका. १६ किलोहर्ट्झवर करवतीने कापल्यासारखी सरळ कड दिसली की ती १२८ ची खूण. टेपवरून आलेला आवाज असा तुटत नाही. तो साधारण १२-१४ किलोहर्ट्झपासून पुळणीच्या उतारासारखा हळूहळू विरतो. कुणी फ्लॅक (काहीही न टाकता साठवलेली फाइल) म्हणून दिलेल्या फाइलीतही सरळ कड असेल तर ती एमपी३चीच फ्लॅक केलेली आहे. आकार वाढला, माल तोच. एखाद्या जुन्या डेमोत (बँडने स्वतःच भरून वाटलेल्या कॅसेटीत) १५,६२५ हर्ट्झवर बारीक आडवी रेघ दिसली तर घाबरू नका. ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची शिटी. रेकॉर्डिंगच्या वेळी जवळ टीव्ही चालू असला की ती टेपवर उतरते.

आता घूं. फ्रान्समध्येही वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे नुसत्या सुरावरून ती त्यांच्या खोलीतली की तुमच्या हे ठरत नाही. गाणं पॉज करा. घूं तरीही चालू राहिली तर ती तुमच्याकडची. मग चार्जर काढून बॅटरीवर ऐका. पावसात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकत असाल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. त्याची चिरकी गुणगुण थेट गिटारच्या पट्टीत येऊन बसते. आणि हेडफोनची पिन पुसा. खाऱ्या वाऱ्याने पिनेवर हिरवट थर धरतो आणि एका कानाचा आवाज येतो-जातो.

कॅसेटच्या बोथटपणाला दोन कारणं असतात. डेकवर डॉल्बी बी (फुसफुस कमी करणारी सोय) चालू असेल आणि कॅसेट डॉल्बीशिवाय भरलेली असेल तर वरचा आवाज दबतो. आधी तो बंद करून बघा. तरीही बोथट असेल तर हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, जुळत नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा, आवाज मोनोवर (दोन्ही कानांना एकच) घ्या आणि लोहचुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आतच, इकडे-तिकडे फिरवा. फुसफुस आणि झांज सगळ्यात लख्ख होते तिथे थांबा. ही कॅसेट झाली की स्क्रू खुणेवर परत आणा, नाहीतर बाकीच्या कॅसेट बोथट होतील.

कौलारू, चिपळूण

वरचं सगळं बरोबर. तरी एवढं करूनही हा अल्बम खरखरीतच वाजणार. तो तसाच आहे. प्रश्न उरतो तो आत काय आहे याचा.

देवळावरच्या भोंग्यातून साधारण ४०० हर्ट्झच्या खालचं आणि ५,००० च्या वरचं फारसं काही बाहेर येत नाही. मृदंगाची धूम गेलेली, झांजेची चमक गेलेली, वर भोंग्याची स्वतःची कर्कश चिरफाळ. तरीही डबलबारी भजनाची चाल दोन वाड्या ओलांडून ओळखू येते. कारण चाल मधल्या पट्टीत असते आणि ती भक्कम असली तर तेवढ्यावर तगते. हा अल्बम मला त्याच कारणाने मोठा वाटतो. इथे बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, ड्रम मागे आहेत, आणि सगळं ओझं गिटारच्या एका चालीवर आहे. चाली मात्र अव्वल आहेत. दुःखी, लांब, गुणगुणता येतील अशा.

ती पकडायची असेल तर आवाज वाढवू नका, कमी करा. कमी आवाजात आपला कान खालचं आणि अगदी वरचं टोक कमी ऐकतो, मधला भाग उरतो. फुसफुस मागे सरते. मोनो करा. पहिल्या खेपेला ड्रमकडे लक्षच देऊ नका. गिटारचा वरचा सूर तेवढा धरून गुणगुणा. ट्रेमोलो पिकिंगमध्ये, म्हणजे एकच तार भराभर छेडताना, आघात सुटे ऐकू येत नाहीत. १८० च्या लयीत मात्रेला चार आघात धरले तर सेकंदाला १२ होतात. संतूरमध्ये जलद आघातांनी सूर धरून ठेवतात, तसाच हा धरलेला सूर आहे. तो एकच सूर मानला की खरखरीतून चालीची रेघ वर येते. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, चार किंवा आठ वेळा फिरतो, आणि पुष्कळदा शेवटच्या फेरीत एकच सूर बदलतो. गाण्याचा जीव त्या बदलात असतो.

इक्वलायझर वापरायचा तर २,५०० ते ४,००० हर्ट्झ सुमारे ३ डेसिबलने खाली घ्या. कान तिथे सगळ्यात हळवा असतो आणि हा अल्बम नेमका तिथेच टोचतो. १५०-२०० च्या आसपास २ डेसिबल वाढवले तर गिटारला थोडं अंग येतं. त्याच्या खाली काही वाढवू नका, तिथे घरघरीशिवाय फारसं काही नाही. आणि असली खरखर तासन्‌तास मोठ्याने ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास.

बंदररोड, रत्नागिरी

चाली चांगल्या आहेत हे मान्य. पण वादनातल्या चुकांना कच्चेपणाच्या पदरात घालू नये. कच्चं रेकॉर्डिंग आणि कच्चं वादन या दोन गोष्टी आहेत. या अल्बमात ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान सलग ठेका) लांबला की ड्रम लयीवरून घसरतात, गिटार पुढे निघून जाते आणि पुढचा भाग सुरू होताना दोघं कशीबशी समेवर येतात. खाडीकाठ यांचा कान हरवतो त्याचं निम्मं कारण हे आहे.

'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या (चार वेगळ्या पट्ट्यांवर वाद्यं भरता येणाऱ्या) यंत्रावर घरच्या घरी केलेला, सगळी वाद्यं एकाच माणसाने वाजवलेली. साधनं मोजकीच. पण तिथला ठेका हटवादीपणे एकसारखा राहतो, त्यामुळे कान तो मिनिटभरात सोडून देतो आणि गिटारकडे वळतो. गाज सतत असली की ऐकू येईनाशी होते, तसंच. म्यूटिलेशनमध्ये ठेका डळमळतो, म्हणून कान पुन्हा पुन्हा त्याच्याकडे ओढला जातो.

चार ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढतो: असं यंत्र म्हणजे वाईटच आवाज, हे खरं नाही. कॅसेटवरच्या चार ट्रॅकच्या यंत्रात ३.८१ मिलिमीटरच्या फितीवर चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात, बरीच यंत्रं दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९.५ सेंटिमीटरने चालतात. नीट वापरली तर बरा आवाज देतात. बिघडतं ते बाउन्स करताना: तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र करायचे, मोकळे झालेले तीन पुन्हा भरायचे. तितकीच फुसफुस दुसऱ्यांदा मिसळली की ती ३ डेसिबलने वाढते, झांज दर वेळी बोथट होते, आणि एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. ड्रम आधी बाउन्स केले की ते कायमचे मागे पडतात. कच्च्या अल्बमांत ड्रम लांबून आल्यासारखे वाटतात त्याचं हे एक साधं कारण.

माझं मत: म्यूटिलेशनच्याच वर्तुळातला व्लाद तेपेश हा बँड ऐका. 'वॉर फ्युनरल मार्च' (१९९४) हा डेमो तितकाच खरखरीत आहे, पण रिफ जास्त नेमके आणि ठेका घट्ट.

खाडीकाठ, देवगड

स्पेकमध्ये १६ वर सरळ कड निघाली. चार्जर काढल्यावर घूं गेली. कॅसेटचा डॉल्बी बंद केला तर खूपच उघडली. पण कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या गुंडाळीवर कडेला पांढरी भुकटी दिसतेय. वाजवत राहू का?

टेपडेक, मालवण

अजिबात वाजव नको. ती बुरशी आसा. एकदा हेडवर लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटीक लागतली.

कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलबरोबर दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं. सुकल्यावर मास्क लावून उघड्यावर न्या, पाच स्क्रू काढून कवच उघडा आणि मऊ कोरड्या ब्रशने गुंडाळीची कड झाडा. स्क्रूऐवजी चिकटवलेलं कवच असेल तर ते कापावं लागतं आणि फीत दुसऱ्या कवचात घालावी लागते. उघडलंच आहे तर फितीमागचा स्पंजचा तुकडा बघा. तो झिजला किंवा त्याची पितळी पट्टी गंजली तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज बोथट होतो. दुसऱ्या निकामी कॅसेटमधली पट्टी काढून बसवा. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, शक्यतो वेगळ्या, टाकाऊ डेकवर.

हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) पुसायला निदान ९० टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. रबरी चाकाला आयपीए वारंवार लावलं तर रबर कडक होतं, त्याला सौम्य साबणाचं पाणी पुरे. सिलिका जेल पांढरं किंवा केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते जेवणाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. केशरी जेलचा रंग उतरला की तो भरला, दोन तास साधारण ११० अंशांवर तापवून परत वापरता येतो.

अष्टागर, अलिबाग

प्रतीबद्दल. या अल्बमच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या निघाल्या आहेत, पण चोरट्या प्रतीही फिरतात. विकणाऱ्याकडून डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागवा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवा. नुसत्या मुखपृष्ठावरून काही ठरवू नका, स्कॅन करून छापणं सोपं आहे.

खाडीकाठ, ज्या वर्तुळाचा उल्लेख वर आला ते म्हणजे 'ले लेझिओं न्वार', काळ्या फौजा. मुख्यतः ब्रिटनीतल्या ब्रेस्ट बंदराच्या आसपासची मंडळी: व्लाद तेपेश, बेल्केत्र, टोरगाइस्ट, आणि त्यांच्या जोडीला म्यूटिलेशन. त्यांचे डेमो मोजक्या कॅसेटींवर, ओळखीतल्या ओळखीत फिरले. आज जे ऐकू येतं त्यातलं बरंच कॉपीची कॉपी आहे, म्हणून एका डेमोच्या दोन फाइली दोन वेगवेगळ्या वेगाने, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीत सापडतात. मत देण्याआधी निदान दोन प्रती ताडून बघाव्यात. द्राकारने काढलेला व्लाद तेपेश-टोरगाइस्टचा 'ब्लॅक लीजन्स मेटल' (१९९६) हा स्प्लिट (दोन बँडचा एकत्र अल्बम) सुरुवातीला बरा, त्याचा आवाज त्यामानाने स्वच्छ आहे.

बंदररोड यांचं ड्रमबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण तोलून बघता पारडं चालींकडे झुकतं. फ्रान्समध्ये पुढे ब्लूट आउस नोर्डचा 'द वर्क विच ट्रान्सफॉर्म्स गॉड' (२००३) आला, डेथस्पेल ओमेगाचा २००४ चा अल्बम आला. दोन्ही वादनात कितीतरी पुढचे. पण एकट्या माणसाचं दुःख इतक्या उघड्या अंगाने त्यांत येत नाही. अजून एक, हे मनापासून सांगतो: या प्रकारातले काही बँड उघडपणे वंशद्वेषी आहेत. पैसे देण्याआधी बँडची माहिती आणि शब्द वाचा.

कौलारू, चिपळूण

बंदररोड, घसरणारी लय हा दोषच आहे, ते नाकारत नाही. फक्त एक करून बघा. ड्रम जिथे सुटतात तिथे गिटारचा हात बघा: तो थांबून ड्रमची वाट बघत नाही, चाल पूर्ण करतो. त्यामुळे चाल मोडत नाही, ठेकाच तिच्याभोवती सैल होतो. त्यांचाच 'रिमेन्स ऑफ अ रुइन्ड, डेड, कर्स्ड सोल' (१९९९) याच कानाने ऐका आणि दोन्हींतला ठेका ताडून मत सांगा.

खाडीकाठ, देवगड

कॅसेट डब्यात घातली. फ्लॅक मिळाली, स्पेकमध्ये उतार १३ च्या पुढे हळूहळू विरतोय, कड नाही. मोनो, आवाज कमी, ३,००० वर ३ डेसिबल खाली. पहिल्या गाण्याची चाल तिसऱ्या फेरीला गुणगुणता आली. ड्रमवरचं मत १९९९ चा ऐकून झाल्यावर लिहितो.