मदत हवी आहे: अल्बम ‘एआयने केलाय’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. दोन वर्षं खपून केलेला माझा पहिला इलेक्ट्रॉनिक अल्बम तीन आठवड्यांपूर्वी बँडकँपवर (गाणी विकायची वेबसाइट) टाकला. चौथ्या ट्रॅकमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. जात्याची घरघर, मध्येच किणकिणणाऱ्या तिच्या बांगड्या, सगळं मुद्दाम ठेवलंय. बीटसुद्धा त्या घरघरीवरच बांधलाय.

तेव्हापासून रोज शिव्या खातेय. काहींच्या मते मी ओव्यांची वाट लावली. ठीक आहे, आवडनिवड असते. खर्ज दबलाय म्हणणाऱ्यांचं तर पटलं, मिक्स सुधारतेय. पण ‘हे एआयने केलंय, बाई खोटी आहे’ हे फार जिव्हारी लागलं. ती बाई माझी आजी आहे हो!

मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर राग वाजवले, साथीला रोलँडचा टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन होतं. ती रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा काहींना तीही बनावट वाटली होती. हे आठवून धीर येतो, पण रात्री झोप लागत नाही.

एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्ट फाइल उघडून व्हिडिओ करू का? आजीचं मूळ रेकॉर्डिंग टाकू का? ती हो म्हणतेय, पण तिच्या आवाजाखाली घाणेरड्या कमेंट्स आलेल्या मला बघवणार नाहीत. की गप्पच बसू? कुणी यातून गेलं असेल तर तुम्ही नेमकं काय केलंत, ते प्लीज सांगा.