‘प ने गाळा’ म्हणजे नेमकं काय करा?

तापीकाठ: आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेची सभासद यादी संकेतस्थळावर चढवतोय. नावं ९ हजारांवर, म्हणून वर अ ते ज्ञ बटणं दिली आणि शेजारी लिहिलं, ‘आद्याक्षरानुसार गाळा’. दुसऱ्याच दिवशी एका आप्पांचा फोन. "भाऊ, मी प दाबलं. माझं नाव गाळलं तर नाही गेलं?" आडनाव पाटील. आता त्यांना काय सांगू? फिल्टरला मराठीत म्हणायचं काय?

सूपटोपली: चाळा. पीठ चाळतो, पुस्तकही चाळतो. दोन्ही अर्थ बसतात.

केळीचं पान: बसत नाहीत. चाळल्यावर पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. तुमचे पाटील खाली की वर?

सूपटोपली: मग निवडा म्हणा.

केळीचं पान: मेथी निवडताना पानं ठेवतो, तांदूळ निवडताना खडे फेकतो. पुन्हा तोच घोळ.

शुद्धभाषक: ‘गाळणे’ हा ‘गळणे’चा प्रयोजक. संस्कृत गल्, म्हणजे ठिबकणे. चूक शब्दाची नाही, वाचणाऱ्याची आहे.

भुसावळ जंक्शन: मतदार यादीतून नाव गाळलं की माणूस तहसीलला चकरा मारतो. त्याला गल् धातू कोण समजावणार? सरळ ‘फिल्टर’ लिहा. घरोघरी पाण्याचा फिल्टर आहे.

मेहरूणची बोर: आमना घरमा गाळणीले गायनी म्हनतस भाऊ. आणि ‘आद्याक्षर’ म्हटलं की माझे वडील नावामागची दोन अक्षरं सांगतात. ‘पहिलं अक्षर’ लिहायला काय झालं?

शुद्धभाषक: गायनी म्हणजे गाणारी.

मेहरूणची बोर: तुमच्याकडे. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो: केयी, डोया, शाया. त्या बटणांत ळ कशाला ठेवलाय? ळ ने सुरू होणारं एक तरी आडनाव दाखवा.

तापीकाठ: वर्णमालेत आहे म्हणून ठेवला. दाबलं की रिकामं पान येतं.

सूपटोपली: मग गाळा की! (आता अर्थ कळला ना?)

भुसावळ जंक्शन: बटण गाळून ळ सुटत नाही. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या, तक्त्यात तो ल आणि व च्या मध्ये बसलाय, आपण शाळेत ह नंतर म्हणायचो. मराठी क्रम वेगळा लावून घ्यावा लागतो. क्ष ला तर स्वतंत्र जागाच नाही, तो क, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि ष जोडून होतो. क्षीरसागर क मध्येच निघणार.

तापीकाठ: निघाले! आणि वकिलांची दुसरीच गंमत. ‘ॲड.’ कुणी अ वर चंद्र चढवून टाइपलंय, कुणी अख्खा ॲ टाकलाय. तो युनिकोडमध्ये आला २००८ ला. अ दाबलं की निम्मेच वकील येतात.

केळीचं पान: उरलेले कोर्टात असतील.

शुद्धभाषक: ‘वर्णानुक्रमे वेचा’ हे योग्य आहे.

मेहरूणची बोर: वेचायला तो काय कापूस शे?

तापीकाठ: तूर्त शब्दच काढलाय, नुसती अक्षरं ठेवलीत. पण प मध्ये पाटील, पवार, परदेशी असे इतके आलेत की आप्पांना अजून स्वतःचं नाव सापडलेलं नाही. तिथे दुसऱ्या अक्षराची बटणं द्यावी लागतील. त्यांना काय म्हणू?

भुसावळ जंक्शन: ते नंतर. गावांच्या रकान्यात अमळनेर लिहिलंय की अंमळनेर?

तापीकाठ: दोन्ही. एक अ च्या सुरुवातीला, दुसरं दोन पानं खाली.