जुन्या शालूचे काठ नव्या साडीला लावावेत की मोडीत द्यावेत?

कर्वेनगरची_सून
आईचा बनारसी शालू. अंगाचं रेशीम घडीघडीवर विरलंय, बोट लागलं तरी फाटतं. काठ-पदराची जर मात्र शाबूत आहे. सासूबाईंचं म्हणणं, "जुनी जर घेणारे असतात, चांदीचे पैसे तरी सुटतील." मला काठ काढून साध्या रेशमी साडीला लावायचेत. रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा, अशी जर आता दुकानात सहजी दिसत नाही. बहुतेक चकाकी प्लास्टिकची. असलं काम भट्टीत घालायचं?

रविवारपेठी
घालायचं. भावनेच्या भरात शिंप्याला पैसे द्याल. खऱ्या जरीचा काठ जड असतो आणि ताणत नाही. तलम कापडाला लावलात की साडी झोळ सोडते, निऱ्या नीट बसत नाहीत. पुण्यात बोहरी आळीच्या बाजारात काय हवी ती लेस मिळते, ती लावा.

कर्वेनगरची_सून
लेस आणि काठ एकच का हो? येवल्याच्या हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा काठाचा वेगळा, अंगाचा वेगळा. दोन्ही धागे एकमेकांत अडकवत विणतात. तुमची लेस वरून चिकटवलेली.

रविवारपेठी
आणि तुम्ही तरी काय करणार? कापून वरून शिवणारच ना!

धोटा
हे मात्र खरं 😀 पण भांडायच्या आधी जर तपासा. आतल्या टोकाचा एक धागा नखाने किंवा सुरीने खरवडा. खालून पांढरी चांदी निघाली तर असली. तांबूस निघालं तर तांब्याची तार, मोडीत फारसं काही येणार नाही. प्लास्टिक असेल तर जाळल्यावर वितळून गोळा होतो. मोडवाले जाळूनच चांदी काढतात, त्यामुळे एकदा दिलं की नक्षी कायमची गेली.
माझं मत काठ ठेवण्याचं, पण साडीला नको. परकर-पोलक्याला लावा. तिथे कापड घट्ट असतं आणि घेरही बेताचा. कापताना काठालगत दोन बोटं जुनं कापड राहू द्या, नाहीतर जर सुटत जाते. आतून मलमलची पट्टी हवीच. आणि त्यावर अत्तर मारू नका, काळी पडते.

ताईसाहेब_निगडी
पोरी एकदा घालणार, फोटो काढणार, की पुन्हा कपाटात. सासूबाई बरोबर बोलतायत.

कर्वेनगरची_सून
खरवडून पाहिलं, पांढरी निघाली. सासूबाईंना तर आता हुरूपच आला आहे!

रविवारपेठी
मग तह करा. पदर त्यांना मोडायला, काठ तुम्हाला.

धोटा
शालूची बरीचशी जर पदरातच असते. तह सासूबाईंच्याच फायद्याचा.